चित्रातली गोष्ट आणि मोठी माणसे

आमच्या लातूरकडच्या गावातल्या जैन मंदिरात, सभामंडपाच्या उजव्या भिंतीवर, एक चित्र होते. एक माणूस विहिरीत लोंबकळतो आहे. त्याने धरलेली फांदी दोन उंदीर कुरतडताहेत, एक पांढरा आणि एक काळा. खाली अजगर तोंड वासून बसला आहे, वर पिसाळलेला हत्ती झाडाला धडका देतो आहे. आणि झाडावरच्या पोळ्यातून मधाचा एकेक थेंब त्या माणसाच्या जिभेवर पडतो आहे. कोपऱ्यात विमानातून एक विद्याधर हात पुढे करून त्याला वर बोलावतो. हा म्हणतो, थांबा, एवढा एक थेंब. जैन घरांतल्या वाचकांनी ओळखले असेल, हे मधुबिंदूचे चित्र. सहा माणसे आणि एक जांभळीचे झाड असलेले लेश्यांचे चित्रही बहुतेक त्याच्याच शेजारी असते.

माझे आजोबा कापडाच्या धंद्यासाठी सुलतान बाजारात आले आणि इथलेच झाले. पण सुट्टीत गावी गेलो की दर्शनानंतर ते या भिंतीपुढे बराच वेळ उभे राहत. मी सहा-सात वर्षांचा असेन. एकदा विचारले, "अण्णा, तुम्ही उंदीर बघताय का?" ते म्हणाले, "हो रे, उंदीरच बघतोय." काळा उंदीर म्हणजे रात्र आणि पांढरा म्हणजे दिवस, हे मला पुष्कळ उशिरा कळले. अण्णांना तेव्हा साठी लागली होती. आज मी त्या वयात आहे.

वाचकहो, मंडळाने या वर्षी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "मोठ्या माणसांसाठीच्या चित्रमालिका." चिटणीसांनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे कार्टून?" हो, तेच. अॅनिमेशनच्या गंभीर मालिका, ज्यांत युद्ध असते, मृत्यू असतो, पश्चात्ताप असतो आणि ज्या तिशी-चाळिशीची माणसे रात्री दिवे मालवून बघतात. आपल्या मराठी घरांत अजून अशा माणसाकडे दयेने पाहिले जाते. मीही पाहत असे. होमिओपॅथीच्या डॉक्टराने खरे तर हे करू नये. "साबुदाण्याच्या गोड गोळ्या म्हणजे पोरांचे औषध" हे वाक्य मी चाळीस वर्षे ऐकतो आहे. पण स्वतःला बसलेला टोला दुसऱ्याला देताना माणूस फार विचार करत नाही.

चित्रातून सांगितलेली गोष्ट मुलांची, असे आपण कधीपासून धरून चाललो? मागे जाऊन पाहिले तर उलटेच दिसते.

बाणभट्टाच्या हर्षचरितात एक प्रसंग आहे. काळ सातव्या शतकाचा. वडील आजारी असल्याचे ऐकून हर्ष शिकार सोडून राजधानीकडे धावत येतो. बाजाराच्या रस्त्यात त्याला एक यमपट्टिक दिसतो, म्हणजे यमलोकाचे चित्र कापडावर दाखवणारा. रेड्यावर बसलेला यम, परलोकाची हकिकत, आणि हातातल्या काडीने तो एकेक भाग दाखवतो आहे. भोवती उत्सुक पोरांचा गराडा. बाणाने हे कसे मांडले आहे पाहा: घोळका पोरांचा, पण ते चित्र ज्याच्या काळजाला भिडावे तो माणूस घोड्यावर बसून बापाच्या मरणाकडे निघालेला. मला वाटते या साऱ्या विषयावर याहून नेमके कोणी काही लिहिलेले नाही. मुद्राराक्षसातही चाणक्याचा हेर घरोघर शिरतो तो यमपट दाखवणाऱ्याच्या वेषात. मोठ्यांच्या घरात असा माणूस सहज जाऊ शकत होता, त्याशिवाय हे सोंग पटले नसते.

याहून जुना धागा आहे. महावीरांचा समकालीन आणि पुढे कडवा विरोधक ठरलेला गोशाल, त्याचे नावच मंखलिपुत्र. श्वेतांबरांच्या भगवतीसूत्राप्रमाणे त्याचा बाप मंख होता, म्हणजे चित्रफलक हातात घेऊन गावोगाव फिरणारा, आणि स्वतः गोशालही आधी तेच करत असे. नियतीवादाचा एवढा मोठा प्रवक्ता चित्रे दाखवणाऱ्याच्या घरात जन्मला. पुढची चित्रे आधीच काढून ठेवलेली आहेत, प्रेक्षकाने कितीही हळहळले तरी बदलत नाहीत, हे त्याने लहानपणापासून पाहिले असणार. ही माझी कल्पना, शास्त्रात तसे काही नाही.

मराठी माणसाला आणखी जवळचा पुरावा कुवलयमालेत मिळतो. उद्योतनसूरींनी शके 700 ला, म्हणजे इसवी सन 779 मध्ये, जालोरला बसून हा प्राकृत ग्रंथ पुरा केला. आपण त्याचे नाव घेतो ते त्यात बाजारात जमलेल्या मरहट्ट लोकांचे आणि त्यांच्या बोलीचे वर्णन आहे म्हणून. पण त्याच ग्रंथात एका राजपुत्राला संसारचक्राचा रंगवलेला पट दाखवला जातो आणि ते बघता बघता त्याचे मन संसारातून उठते. प्रवचनाने जे झाले नसते ते पटाने झाले. आणि आपल्या या दख्खनच्या मुलखातले म्हणाल, तर बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने 'मानसोल्लास' रचला, त्यात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आपले बसवकल्याण. आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ त्या बाजूचे असेल.

हा चित्रकथक पुढे चित्रकथी झाला आणि आजही आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातली काही घरे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली. सावंतवाडीच्या दरबाराचा त्यांना आश्रय होता. परशुराम विश्राम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांतून पिंगुळीचे नाव सगळीकडे पोचले. पाठीला पाठ लावून चिकटवलेले कागद, दोन्ही बाजूंना चित्रे, असा संच म्हणजे एक पोथी. एका पोथीत तीस-पन्नास चित्रे. सांगणारा एक चित्र उभे धरतो, वीणा, हुडुक, टाळ यांच्या साथीवर कथा म्हणतो, आणि नेमक्या जागी पान पालटतो. हे पालटणे मला फार महत्त्वाचे वाटते. चित्र स्वतः हलत नाही. हलतो तो काळ. प्रेक्षक एका रावणाकडे पाच मिनिटे टक लावून बघतो, आवाज पुढे जात राहतो, आणि त्या पाच मिनिटांत रावण त्याच्या मनात हलायला लागतो.

याच धाटणीची चित्रे पैठणला सापडली म्हणून अभ्यासकांत त्यांना पैठणची चित्रे हेच नाव पडले. पैठण 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते, तेव्हा ती आपल्याच घरची. मोठाले डोळे, एका बाजूने काढलेले चेहरे, अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, आणि युद्धात बाणांची अशी दाटी की आभाळ दिसू नये. बालसुलभ म्हणावे असे त्यात काही नाही. इंद्रजित मेल्यावर त्याच्या बायकोचा विलाप ऐकायला सबंध गाव बसे. पुष्कळ बायाबापड्या घरचे रडणे तिथे रडून घेत असतील.

सुलतान बाजारातून शंभर किलोमीटरच्या आत चेरियाल आहे. तिथले नकाशी कलावंत खादीच्या कापडावर चिंचोक्याची खळ आणि पांढरी माती चढवून, लाल जमिनीवर, पुराणे रंगवतात. पट तीन फूट रुंद आणि कधी कधी चाळीस फुटांहून लांब. प्रत्येक जातीचे पुराण वेगळे आणि ते सांगणारे भाटही वेगळे. पद्मशाली विणकरांना मार्कंडेय आणि भावनाऋषींची कथा त्यांचेच कुनपुली सांगणार. सोलापूरला नातेवाईक असलेल्या वाचकांना मार्कंडेयाचे महत्त्व सांगायला नको. कथा कित्येक रात्री चाले, आणि पट एकेक घडी उलगडत जाई. आज रात्री इथपर्यंत, पुढचे उद्या. मालिका म्हणतात ती हीच की. असे जुने पट पाहायचे असतील तर आपल्याच शहरात जगदीश मित्तल यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह आहे. ते दख्खनी पटांचे मोठे जाणकार होते.

यंत्राने चित्र हलवण्याचा आपला पहिला मोठा उद्योगही मराठीच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 मध्ये 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, एकाहून अधिक कंदील, आणि एका चित्रातून दुसरे असे विरघळवायचे की पात्र हालचाल करते आहे असा भास व्हावा. सोबत निवेदन आणि गाणे. विषय रामायण-महाभारताचे. पटवर्धनांचे चिरंजीवही त्यात होते. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला तो 7 जुलै 1896 ला. म्हणजे त्याच्याआधी चार वर्षे कल्याणकर रंगवलेली काच हलताना पाहत होते. तिकीट काढून मोठी माणसे येत. पुढे फाळक्यांनी आगकाड्या एकेक सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली, आणि 1934 मध्ये प्रभातने 'जंबूकाका' काढला. त्यावर मी रेंगाळत नाही.

रेंगाळायचे ते फिल्म्स डिव्हिजनपाशी. 1956 मध्ये मुंबईत तिथे व्यंगचित्रपटांचा विभाग उभा राहिला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, आणि त्यातून जातककथेवरचा 'द बनियन डियर' 1957 मध्ये झाला. राम मोहन, जी. के. गोखले, प्रमोद पती ही नावे त्या विभागाची. त्यांचे बहुतेक चित्रपट कोणासाठी होते? कुटुंबनियोजन, अल्पबचत, लोकसंख्या, माणसाची हाव. काचीगुड्याच्या थिएटरात मुख्य पिक्चरच्या आधी ते सक्तीने दाखवत, आणि माझे वडील आणि काका समोसा खात खात ते मुकाट्याने बघत. "हे पोरांचे आहे" असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. कुटुंबनियोजनाचे तर आम्हा पोरांना बघूही देऊ नये असे वाटे. 1974 मध्ये विजया मुळे यांनी केलेला 'एक अनेक और एकता' मुलांसाठी होता, हे खरे. पण आज तो आठवून गहिवरतात ते पन्नाशीचे लोक.

मग बिघडले कुठे? माझ्या मते दूरदर्शनच्या रविवार सकाळीपाशी. 1993 मध्ये मोगलीची जपानी मालिका हिंदीतून आली, 1995 मध्ये दिवसभर कार्टून दाखवणारी वाहिनी आली, आणि चित्र म्हणजे मुलांना जेवताना गप्प बसवायचे साधन असे घराघरांत ठरून गेले. आपले हैदराबाद त्या धंद्याचे मोठे ठाणे झाले. 'छोटा भीम' 2008 मध्ये इथूनच निघाला. मुलांनी त्यावर प्रेम केले, त्यात वाईट काही नाही. मात्र बाणभट्टाच्या घोड्यावरचा माणूस त्या गर्दीतून वजा झाला.

जपानात तो वजा झाला नाही. तिथे 1930 च्या दशकात कामिशिबाई नावाचा प्रकार फार चालला. सायकलवर लाकडी चौकट, तिच्यात चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकवायचे आणि गोष्ट सांगायची. पैसे चित्रांचे नव्हते. तो आधी मुलांना गोड गोळ्या विकत असे. (वाचकहो, हसू नका.) टीव्ही आला तेव्हा लोक त्यालाच 'विजेची कामिशिबाई' म्हणू लागले. धंदा बसला, पण ती चित्रे काढणारे शिगेरू मिझुकी यांच्यासारखे लोक चित्रमासिकांत गेले. मिझुकींचा डावा हात महायुद्धात गेला होता. उरलेल्या हाताने त्यांनी भुतांच्या आणि युद्धाच्या कथा काढल्या. इसाओ ताकाहाता नऊ वर्षांचे असताना 1945 मध्ये ओकायामावर बॉम्ब पडले आणि ते त्यातून वाचले. त्यांनी 1988 मध्ये दोन अनाथ भावंडांच्या उपासमारीचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' केला. याच ताकाहातांनी 1999 मध्ये एक पुस्तक लिहून आपल्या कलेचे मूळ बाराव्या शतकातल्या जपानी चित्रपटांत, म्हणजे गुंडाळून ठेवायच्या लांब पटांत दाखवले. बारावे शतक, म्हणजे सोमेश्वराचेच. आमच्याकडे मानसोल्लास होता, पण असे पुस्तक लिहायला कोणाला सुचले नाही.

युगो साको या जपानी माणसाने राम मोहन यांना सोबत घेऊन रामायणाचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला, तो 1993 च्या जानेवारीत दिल्लीच्या महोत्सवात दाखवला गेला. साकोंचे म्हणणे असे होते की राम नटाने करू नये, तो चित्रातच दाखवावा. यात तथ्य आहे. नटाच्या मागे त्याच्या जुन्या भूमिका येतात, त्याच्या जाहिराती येतात, त्याचे लग्न येते. चित्रातल्या माणसाला त्या चित्राबाहेर आयुष्यच नसते. तो फक्त तेवढ्यासाठी जन्मलेला असतो.

दुसरे कारण मला माझ्या खुर्चीवर बसून कळले. आमच्या शास्त्रात रोग्याची हकिकत त्याच्या शब्दांत लिहून घ्यावी लागते, आणि आमचे ग्रंथ 'जणू काही'ने भरलेले आहेत. जणू छातीवर पाटा ठेवला आहे. जणू डोक्यात कोणी खिळा ठोकतो आहे. नुसते "दुखते" म्हणणारा रोगी मला काहीच सांगत नाही. 'जणू' म्हणताच तो चित्र काढू लागतो, आणि खरे बोलू लागतो. मुलगा गेलेली एक बाई मला म्हणाली होती, "डॉक्टरसाब, घर में सब चीजां वैसे के वैसेच हैं, बस रंग धो डाले जैसा लगता." कॅमेरा लावून हे दाखवता येत नाही. ब्रश घेऊन येते. गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' एकेक चौकट हाताने रंगवून केलेला आहे. त्यात मुंबईच्या फुलवालीच्या मनातले आणि रस्त्यावरचे एकाच रंगाच्या भांड्यातून येते.

आता घरची गोष्ट सांगतो, तिच्यावाचून हे सगळे पुस्तकी वाटेल. माझ्या मुलाला बारावीनंतर बीएचएमएसला जागा मिळत होती. दवाखाना तयार होता, पाटीवर नाव घालायचेच बाकी. त्याने अॅनिमेशन शिकायचे ठरवले. भरलेल्या दवाखान्यात, रोग्यांसमोर, मी म्हणालो, "पोरांसाठी भुभु-माऊ काढून पोट भरणार?" त्याने उलट उत्तर दिले नाही. संध्याकाळी चित्रांची फाइल कपाटावर टाकून तो मामाकडे गेला. नंतर शिकला, नोकरीला लागला, लग्न झाले, पण कामाबद्दल मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. पंधरा वर्षे हा विषय आमच्या जेवणाच्या ताटाभोवती फिरत राहिला.

2021 च्या सुरुवातीला आई अंथरुणाला खिळली होती, वय अठ्ठ्याऐंशी. करोनामुळे मुलगा घरूनच काम करत होता. जानेवारीअखेर 'द लेजेंड ऑफ हनुमान' ही मालिका आली. त्याने आपला संगणक आजीच्या पलंगाशी नेऊन ठेवला. मी बाहेरून आवाज ऐकत होतो. रावणाचा आवाज शरद केळकरांचा, तो भिंतीतूनही ओळखू येई. आईने जन्मभर पद्मपुराण वाचलेले. आमच्या परंपरेत हनुमान वानर नव्हे, विद्याधर. ध्वजावर वानराचे चिन्ह म्हणून वानरवंशी. तो मांगीतुंगीहून मोक्षाला गेला. रावणाला मारले तेही लक्ष्मणाने. त्यामुळे दर पाच मिनिटांनी तिची हरकत यायची. "अरे, ह्याला शेपूट कशाला?" मुलगा म्हणायचा, "आजी, त्यांचा हनुमान असाच आहे." "असू दे. रडतो मात्र खरा." आणि ती बघत राहायची. आमच्या हनुमान टेकडीवरून लहानपणापासून येजा केलेली बाई, पण त्या देवाचे रडणे तिने पहिल्यांदा पाहिले असावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीही दाराशी खुर्ची ओढली. कोणी काही म्हटले नाही.

मालिका संपल्यावर आईने नातवाला विचारले, "यात तू काय केलंस?" तो म्हणाला, "यात काही नाही, हे दुसऱ्यांचं आहे. माझं वेगळं." मग त्याने एक परदेशी मालिका लावली. तिचे नाव इथे लिहू नये असे त्याने बजावले आहे, करारात तसे आहे म्हणे. भाषा इंग्रजी, आईला एक अक्षर कळत नव्हते. लढाईहून परतलेला एक म्हातारा आपले घर शोधत होता आणि घर जागेवर नव्हते, एवढे मात्र न सांगता कळत होते. एका प्रसंगात तो उघड्या माळावर बसून राहतो. बराच वेळ काही घडत नाही.

"यात तुझं कुठलं?" आईने पुन्हा विचारले. "म्हातारा तू काढलास?"

"नाही आजी. त्याच्या मागचं आभाळ."

आई म्हणाली, "मग थांबव ते. मला बघू दे."

त्याने चित्र थांबवले. मी उठून खोलीतला दिवा मालवला.